हौदावरील जुनी जाळी

नंदगडकडील पावसाळा मोठा जोराचा. परसातील हौदावर बसविलेली लोखंडी जाळी काही वर्षांत गंजते, चौकट सैल होते व कडेला फट पडते. घरच्यांस मात्र जाळी आहे एवढ्याचेच समाधान! वाचकहो, हे समाधान आम्हांस उघड्या हौदाहून घातक वाटते. उघड्या हौदाकडे निदान आपले लक्ष तरी असते.

डेंग्यूचा डास गटारापेक्षा साठविलेल्या स्वच्छ पाण्यातच अधिक वाढतो. उबदार हवेत अंड्याचा डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. हिवतापाचेही तसेच. मुंबईतील हिवतापाचे मूळ घरोघरच्या विहिरींत आहे, असे डॉ. बेंटली यांनी १९११ साली आपल्या अहवालात दाखविले होते.

म्हणून मृगापूर्वीच हे काम उरकावे. प्रथम हौद रिकामा करून भिंती ब्रशाने घासाव्यात. कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीस चिकटून कोरडी असताही कित्येक महिने जगतात. चौकट बाजूस काढून तारेच्या ब्रशाने गंज खरवडावा व रेड ऑक्साईडचा हात द्यावा. तो पुरता वाळल्यावर बारीक विणीची, न गंजणारी जाळी ताणून पट्टीखाली स्क्रूने आवळावी. जादा पाणी जाणाऱ्या नळाच्या तोंडासही जाळी बांधण्यास विसरू नये.

पुढे दर शनिवारी झाकणाच्या कडेवरून एकदा बोट फिरवून फट पाहावी. घरात तान्हे मूल असता एवढे श्रम फार नव्हेत.