ओटीपोटाचे दुखणे आणि ‘टेन्शन घेऊ नका’



नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यांच्या गराड्यात आमचे औषधाचे दुकान आहे. पाळीच्या दुखण्यावरची गोळी न्यायला येणाऱ्या बाया बहुधा चिठ्ठी आणत नाहीत. रिकामे पाकीट पुढे करून ‘हेच द्या नं ताई’ म्हणतात. त्यांतल्या काहींचे ओटीपोट आणि कंबर पाळी असो-नसो, महिनाभर दुखते. विचारले की उत्तर ठरलेले : सोनोग्राफी नॉर्मल आहे, डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका.

माझा आक्षेप या सल्ल्यालाच आहे. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, सोनोग्राफीत अनेकदा दिसत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो. नॉर्मल रिपोर्टने दुखणे खोटे ठरत नाही. रोजच्या दुखण्याने झोप उडते, नवऱ्याजवळ जायची धास्ती बसते, मूल होत नसेल तर टोमणे वेगळेच. बाई खचणार नाही तर काय? आणि खचली की तेच दुखणे अधिक सलते.

‘पिशवीचे की मनाचे’ असा वाद घालणाऱ्यांनी दोन अभ्यास पाहावेत. नागपूरच्या मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) शिकलेले डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. ‘लॅन्सेट’ने १९८९ मध्ये ती छापली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. पुढे गोव्यात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा स्त्रीरोगाच्या तक्रारी असणाऱ्यांत नैराश्य आणि चिंताही जास्त आढळली. आपण मात्र या दोन्हींसाठी दोन ओपीडी ठेवल्या आहेत. दुसरीच्या, म्हणजे मनोविकाराच्या, रांगेपर्यंत बाई सहसा पोचतच नाही.

कुणी अमिट्रिप्टिलिन ही नैराश्यावरची गोळी लिहून दिलीच, तर नवरा मोबाइलवर नाव शोधून ‘ही तर वेड्याची गोळी’ म्हणत परत करायला येतो. हीच गोळी कमी मात्रेत जुनाट दुखण्यावर देतात, हे चिठ्ठी लिहिताना कुणी सांगितलेले नसते. मग उरतो ‘पिशवी काढून टाका’ हा उपाय. तो किती सर्रास होतो, हे बीडच्या पिशवी काढलेल्या ऊसतोड मजूर स्त्रियांमुळे २०१९ मध्ये साऱ्या राज्याला कळले.

नागपुरातल्या मेडिकल, मेयो आणि डागा या सरकारी रुग्णालयांनी स्त्रीरोग ओपीडीत आठवड्यातून एक दिवस तरी समुपदेशिका बसवावी. केसपेपरवर दोन प्रश्न वाढवावेत : गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटते का, कशातच मन लागत नाही का? मनोविकार ओपीडीत पाळीतल्या, संबंधाच्या वेळच्या आणि एरवीच्या दुखण्याबद्दल विचारावे. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, पण त्यावर बोलायला घरात एकांत लागतो. ओपीडीत निदान सासूला बाहेर बसवता येते. खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांना तर हे प्रश्न विचारायला कुणाच्या आदेशाचीही वाट पाहावी लागत नाही.

– एक औषधविक्रेती, धंतोली, नागपूर