विश्लेषण : परग्रहावरून संदेश आलाच, तर तो आपल्याला वाचता येईल का?

परग्रहवासीयांचा सिग्नल सापडल्याची बातमी कधी आलीच, तर लगेच पुढचा प्रश्न येईल : त्यात म्हटले काय आहे? याची रंगीत तालीम झालेली आहे. तिचा निकाल फारसा दिलासा देणारा नाही.

मंगळावरून काय आले होते?

२४ मे २०२३ रोजी, भारतात मध्यरात्र उलटून गेल्यावर, मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘ट्रेस गॅस ऑर्बिटर’ या युरोपीय यानाने एक कूटसंदेश पृथ्वीकडे पाठवला. १६ मिनिटांनी तो अमेरिकेतील ग्रीन बँक आणि अ‍ॅलन, तसेच इटलीतील मेडिचिना येथील रेडिओ दुर्बिणींनी टिपला. ‘अ साइन इन स्पेस’ नावाचा हा प्रकल्प डॅनिएला डी पॉलिस या कलावतीचा. संदेश माणसांनीच रचला होता, पण त्याचा अर्थ गुपित ठेवून कच्चा डेटा सर्वांसाठी खुला करण्यात आला.

सिग्नल पकडणे हा यातला त्यातल्या त्यात सोपा भाग. याच यानासोबत गेलेल्या स्कियापरेली लँडरचा क्षीण सिग्नल २०१६ मध्ये पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीनेही टिपला होता.

मग अडले कुठे?

तुमच्या मोबाइलवर हा लेख दिसतो, कारण पाठवणारा सर्व्हर आणि तुमचा फोन यांच्यात डेटा कसा बांधायचा आणि कसा सोडायचा, याचे नियम आधीच ठरलेले आहेत. अनोळखी सिग्नलमध्ये हे नियमही शोधून काढावे लागतात. जगभरातील हजारो हौशी मंडळींना मंगळाच्या सिग्नलमधून मूळ संदेश वेगळा काढायलाच सुमारे दहा दिवस लागले. हाती आले ते काळ्या पार्श्वभूमीवरचे पांढऱ्या ठिपक्यांचे पुंजके. त्यांचे काय करायचे, हे कळायला आणखी वर्ष गेले. अखेर अमेरिकेतील एका वडील-मुलीच्या जोडीने ते ठिपके ठरावीक नियमाने हलवून पाहिले आणि त्यातून पाच अमिनो आम्लांच्या आकृत्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये हे जाहीर झाले. पण अमिनो आम्ले पाठवून सांगायचे काय होते, हा प्रश्न तरीही खुलाच राहिला.

इथे पाठवणारा माणूसच होता, हे विसरून चालणार नाही. आपल्यासारखेच बिट मोजणारा, रसायनशास्त्राच्या आकृत्याही आपल्यासारख्याच काढणारा.

गणित तर सगळीकडे सारखेच ना?

शास्त्रज्ञांची भिस्त त्यावरच आहे. १९७४ मध्ये अरेसिबो दुर्बिणीवरून आपण ‘एम-१३’ तारकागुच्छाकडे १६७९ बिटचा संदेश पाठवला. १६७९ म्हणजे २३ गुणिले ७३, दोन्ही मूळ संख्या. बिट ७३ ओळी आणि २३ स्तंभांत मांडले की चित्र दिसते. उलटे मांडले की नुसता कचरा. पण बिटांपासून चित्र करायचे असते, हे समोरच्याला सुचायला हवे. डोळेच नसलेल्या जीवाला ते का सुचावे?

आपल्याच पूर्वजांचे उदाहरण घ्या. सिंधू लिपीतील बहुतेक मजकूर सरासरी पाचेक चिन्हांचे, सोबत दुसऱ्या ज्ञात लिपीतला मजकूर नाही. मुंबईच्या टीआयएफआरमधील संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने २००९ मध्ये चिन्हांच्या क्रमाची एन्ट्रॉपी, म्हणजे पुढचे चिन्ह किती अनिश्चित आहे, हे मोजले. ती भाषांच्या जवळ जाणारी निघाली. त्यावरही वाद झालाच. तमिळनाडूने जानेवारी २०२५ मध्ये ही लिपी उलगडणाऱ्यासाठी दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. एन्ट्रॉपीसारखी मोजमापे परग्रहावरच्या सिग्नललाही लावता येतील. त्यातून रचना आहे का, एवढे कळेल. अर्थ कळणार नाही, असे माझे मत.

शिवाय ‘काय म्हणालात?’ असे विचारायची सोय नाही. एम-१३ सुमारे २५ हजार प्रकाशवर्षे दूर आहे.

उत्तर कोण देणार?

आंतरराष्ट्रीय सल्लामसलतीशिवाय कोणी परस्पर उत्तर देऊ नये, असे संशोधकांनी १९८९ मध्येच एका जाहीरनाम्यात नमूद केले. तो कायद्याने बंधनकारक नाही. मोठा ट्रान्समीटर हाताशी असलेल्या कोणालाही, संदेश समजला नसतानाही, उत्तर पाठवता येईल.