आकृतीचा क्रमांक : जुळाऱ्याचा की लेखकाचा?

मराठी संशोधनग्रंथांत आकृतींना क्रमांक देणे हे जुळारी आणि मुद्रितशोधक यांचे काम मानले जाते. झेरार जनेत यांच्या १९८७ च्या विवेचनानंतर शीर्षक, अर्पणपत्रिका, टीपा यांना संहितेच्या उंबरठ्यावरचे अर्थवाहक घटक मानणाऱ्या समीक्षेनेही क्रमांकाला मात्र उंबरठ्याबाहेरच उभे केले आहे.

नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा येथील उत्खनन पाहावे. बी. के. थापर यांनी ते १९५५ मध्ये केले. अहवाल ‘एन्शंट इंडिया’च्या २०-२१ या जोडअंकात आला. त्यात पहिल्या, ताम्रपाषाणयुगीन कालखंडाचे दोन उपविभाग आहेत. जोर्वे पद्धतीची भांडी दुसऱ्यात येतात. अंक एक आणि अक्षरे दोन, याचा अर्थ हे एकाच कालखंडाचे टप्पे होत. दोन अंक दिले असते, तर सिद्धान्तच बदलला असता. रेखाचित्रांनाही हाच न्याय लागू आहे. मृद्भांड्यांचा एक गट तीन पृष्ठांवर पसरला आणि प्रत्येक पृष्ठाला नवा अंक मिळाला, तर एका गटाचे तीन गट होतात. लाटेकसारख्या प्रणालीत अंक न वाढवता आकृती पुढे नेण्याची सोय आहे; परंतु कोणते भाग मिळून एक आकृती होते, हे तिला लेखकानेच सांगावे लागते.

खरा घोळ अक्षरांचा आहे. शाळेतील तुकड्यांपासून मराठी माणूस अ, ब, क, ड, इ, फ असे मोजतो. ही रोमन वर्णक्रमाची सावली. वर्णमालेचे अभिमानी अ, आ, इ, ई लिहितात. सर्व भाग एका पृष्ठावर असताना कोणताही क्रम खपून जातो. आकृती पान ओलांडते तेव्हा ‘४ (इ)’ एकटीच समोर येते. ती एका क्रमात तिसरी, दुसऱ्यात पाचवी. मग मागची दोन चित्रे शोधावयाची की चार? ‘क’ची गत वेगळी नाही : अ-ब-कमध्ये तिसरा, क-ख-गमध्ये पहिला.

‘वाचक संदर्भाने समजून घेतो’ हे उत्तर सोयीचे आहे, पण ग्रंथ हाती नसलेल्या अभ्यासकाजवळ तो संदर्भ नसतो. त्याच्यापुढे दुसऱ्याच्या टीपेतील ‘४ (इ)’ एवढेच असते. भागांनाही अंकच द्यावेत. ‘४.३’ नको, कारण तो चौथ्या प्रकरणातील तिसऱ्या आकृतीचा क्रमांक वाटतो. ‘आकृती ४/३, पाचपैकी’ असे प्रत्येक पृष्ठावर छापण्यास एक ओळही लागत नाही.