‘चिलटांचा बंदोबस्त करा’ म्हणे! कुठल्या चिलटांचा, साहेब?

परवा आमच्या ग्रुपवर पुन्हा तोच कागद फिरत होता. मेंढ्यांमधील नीलजिव्हा रोग, पशुपालकांनी घ्यावयाची काळजी. त्यात नेहमीचं वाक्य : परिसरात पाणी साचू देऊ नये, डास, माश्या, चिलटे यांचा बंदोबस्त करावा. झालं. सही झाली, फोटो निघाला, फॉरवर्ड झाला, काम संपलं.

माझा सरळ प्रश्न आहे. कुठल्या चिलटांचा?

हसू नका मंडळी. पिकल्या केळ्यावर घोंगावतं ते चिलट. रानात डोळ्यांपुढं भुणभुणतं तेही चिलट. आणि तिन्हीसांजेला मेंढराच्या पोटाखाली बसून रक्त पितं तेही आपल्याकडे चिलटच. पहिल्या दोघांचा या रोगाशी काडीचा संबंध नाही. तिसऱ्याचं शास्त्रीय नाव क्युलिकॉइड्स. एक ते तीन मिलिमीटरचा जीव, साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आरामात आत येतो. चावते फक्त मादी, कारण अंड्यांसाठी रक्त तिलाच लागतं. आणि क्युलिकॉइड्स हेसुद्धा एकट्याचं नाव नाही, आडनाव आहे! या आडनावाच्या जगात तेराशेच्या वर जाती आहेत. नीलजिव्हेचा विषाणू वाहून नेणाऱ्या त्यातल्या थोड्याच. भारतात जनावरांच्या आसपास इमिकोला, ऑक्सिस्टोमा, पेरेग्रिनस ही मंडळी सापडतात. आपल्या माण तालुक्यातल्या वाड्यांवर यातली कोण, किती, कोणत्या महिन्यात? मी विचारत फिरलो. उत्तर मिळालं नाही.

मला याचं एवढं का लागलंय ते सांगतो. गेल्या साली परतीच्या पावसानंतर माझ्या चुलत्यांची अकरा मेंढरं गेली. ताप, तोंडं सुजलेली, लाळ गळतेय, खुराच्या वरची कड लाल होऊन लंगडतायत. जीभ मात्र एकाचीही निळी नव्हती, म्हणून आप्पा चार दिवस म्हणत राहिले, “ह्यो त्यो रोग न्हाई.” (रोगाचं नावच घोळात टाकणारं आहे. जीभ निळी पडलेली दर वेळी दिसतेच असं नाही.) तपासणी होऊन रोगाचं नाव कळेपर्यंत वाघरीत अकरा कमी झाली होती. मेंढपाळाच्या घरात अकरा मेंढरं म्हणजे काय, हे इथं कुणाला समजावून सांगायला नको.

मी तासिका तत्त्वावर प्राणीशास्त्र शिकवतो. वाघरीजवळ रात्री दिवा टांगला, खाली साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवलं. सकाळी जे सापडलं ते स्पिरिटच्या बाटलीत भरून एका सरकारी कार्यालयात नेलं. साहेबांनी बाटली उजेडात धरली. “चिलटं आहेत.”

“ते मलाही दिसतंय साहेब. जात कोणती?”

“अहो, जात घेऊन काय करायचंय? औषध एकच.”

या देशात माणसाची जात विचारायला कुणालाच वेळ कमी पडत नाही. किड्याची विचारली की तो फालतूपणा!

आणि ‘औषध एकच’ हे साफ चूक आहे. डास पाण्यात वाढतो, म्हणून पाणी काढा हे डासासाठी ठीक. इमिकोला वाढतो ओल्या, शेण-लेंडी मुरलेल्या मातीत. पाणी तुंबलं तर त्याचे कोष तरंगत नाहीत, बुडून मरतात. म्हणजे त्याचं घर साचलेलं डबकं नव्हे, तर पाणी पाजायच्या टाकीभोवतीची, गळक्या नळाखालची ओल. ऑक्सिस्टोमा तळ्याच्या, भातखाचराच्या कडेच्या चिखलात. ऑस्ट्रेलियात ब्रेविटार्सिस नावाची जात आहे, ती थेट गाईच्या शेणाच्या पोवट्यातच वाढते. आता सांगा, डबकं उपसून ते पाणी वाड्यात फेकणाऱ्या माणसानं बंदोबस्त केला की पाहुण्यांची सोय केली? आमच्या गावात धुराचं मशीन आलं ते सकाळी अकरा वाजता. या जातींचा मुख्य धंदा संध्याकाळ ते पहाट. सकाळी अकराला धूर कुणाला लागला? आमच्या म्हातारीला. दोन दिवस खोकत होती.

नावानं फरक पडतो, हे जगानं दोनदा तरी पाहिलंय. दक्षिण आफ्रिकेत १९४४ साली डु टॉइट यांनी दाखवून दिलं की हा विषाणू क्युलिकॉइड्स नेतो. त्यांनी त्या किड्याला पॅलिडिपेनिस म्हटलं. पुढं लक्षात आलं की तो इमिकोलाच. नंतर युरोपात बरीच वर्षं समज होता की इमिकोला जिथं नाही तिथं भीती नाही. २००६ मध्ये हा रोग नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनीत पसरला. तिथं इमिकोला नाही! वाहक निघाले तिथलेच, ऑब्सोलेटस गटातले, ज्यांच्या माद्या भिंगाखालीही एकमेकींसारख्या दिसतात. भारतात या रोगाची पहिली नोंद १९६४ ची, आणि तीही आपल्याच महाराष्ट्रातली. साठ वर्षं झाली. आपण अजून ‘चिलटे इत्यादी’वर.

ओळखणं म्हणजे जादू नाही. आधी पंखावरचे गडद-फिकट ठिपके बघायचे. तेवढ्यानं भागत नाही, कारण ऑक्सिस्टोमाचे भाऊबंद जवळपास तसेच. मग किडा फिनॉलमध्ये साफ करून, तुकडे सुटे करून कॅनडा बाल्सममध्ये काचेवर बसवायचा. स्पर्शिकेच्या कोणत्या खंडावर खळगे आहेत, मादीच्या पोटात शुक्रकोष किती, हे पाहायचं. एका किड्याला अर्धा तास जातो. माझ्या बाटलीतल्या काहींचे पंख मला इमिकोलासारखे वाटतात. वाटतात! खात्री करायला सराव झालेला डोळा लागतो, आणि ते काम शिकवणारी माणसं निवृत्त होत चालली आहेत. त्यांच्या जागा भरायचं नाव नाही.

कुणी म्हणेल, डीएनए आहे ना. आहे की. पण डीएनएची जुळणी करायची कशाशी? आधी कुणीतरी नीट ओळखून नाव दिलेल्या नमुन्याशीच. तिथं नाव चुकलं तर मशीन तीच चूक झोकात छापून देणार.

कुणी म्हणेल, लस आहे. जरूर टोचा, मीही तेच सांगतो. पण आपल्याकडची लस पाच प्रकारच्या विषाणूंवर आहे, आणि भारतात या विषाणूचे वीसहून अधिक प्रकार नोंदले गेलेत. शिवाय टोचायची कधी? चावणारी जात वाढायच्या आधी. ती कधी वाढते, हे कुणी मोजलंय?

मागणी मोठी नाही. मेंढरं असलेल्या प्रत्येक तालुक्यात वर्षभर, आठवड्यातून एक रात्र, एक प्रकाश-सापळा. आणि सापडलेल्या किड्याचं नाव लिहू शकणारा, पगारी, एक माणूस.

तोवर मीच लावतोय. येत्या अमावस्येपासून आप्पांच्या वाड्यावर सुरू. अंधाऱ्या रात्री दिव्यावर जास्त येतात. ज्यांच्या वाड्यावर लावायचा असेल त्यांनी खाली गावाचं नाव लिहा, दिवा आणि बाटली मी घेऊन येतो. आणि कुणाच्या कॉलेजात कॅनडा बाल्समची बाटली न वापरता पडून असेल, तर मला द्या. आमच्याकडची वाळून दगड झालीय.