भाषाविचार : ‘दामे’ आणि ‘देजो’

इंग्रजीच्या जोडीस आणखी एखादी युरोपीय भाषा शिकण्याची आवड आमच्या घराघरांतील मुलामुलींत वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट होय. त्यांपैकीं स्पॅनिश ही विदर्भास अगदींच अनोळखी नाहीं. वर्ध्यास जन्मलेले क्रांतिकारक व कृषिशास्त्रज्ञ पांडुरंग खानखोजे यांनीं १९२० नंतरच्या काळांत मेक्सिकोंतील चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयांत अध्यापन केलें आणि तेथील शेतकऱ्यांसाठीं शेतकी शाळा काढल्या.

ह्या भाषेंत नवशिक्यास प्रथम अडखळविणारें प्रकरण म्हणजे एकेरी आज्ञार्थ. ‘दीमेलो’ हा दिसण्यांत एक शब्द. पण त्यांत ‘दी’ म्हणजे सांग, ‘मे’ म्हणजे मला आणि ‘लो’ म्हणजे तें. आमचें ‘तें मला सांग’ हें वाक्य शेवटाकडून वाचावें, तसाच हा क्रम. सर्वनामें क्रियापदाच्या शेपटीस चिकटतात. आधीं माणूस, मग वस्तु. तीं जोडलीं तरी उच्चाराचा जोर मूळ क्रियापदावरच राहतो, व तो दाखविण्यासाठीं लिहितांना त्या स्वरावर रेघ देतात. ‘त्याला तें सांग’ म्हणतांना ‘ले’ व ‘लो’ हीं दोन सर्वनामें लागोपाठ येऊं देत नाहींत. ‘ले’च्या जागीं ‘से’ घालून ‘दीसेलो’ म्हणतात.

निषेध आला कीं सारें पालटतें. ‘नो मे लो दीगास’, म्हणजे तें मला सांगूं नको. येथें सर्वनामें सुटून पुढें येतात आणि क्रियापदही रूप बदलतें. ह्याचें नवल आम्हांस वाटूं नये. आम्ही तरी ‘सांग’ला नुसता ‘न’ कोठें लावतों? ‘सांगूं नको’ असें निराळेंच रूप करतों.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस आणखी एक मौज दिसेल. ‘मला दे’ यास स्पॅनिशमध्यें ‘दामे’ म्हणतात. आमचें ‘देहि मे’ त्याचें सगोत्र आहे. दोहोंकडे धातु ‘दा’ एकच, आणि ‘मे’ही एकाच कुळांतील. पाणिनीनें ‘मे’, ‘ते’ ह्या लघुरूपांस वाक्यारंभीं येण्याची मनाई केली आहे. त्यांस दुसऱ्या शब्दाचा आधार लागतो. स्पॅनिश आज्ञार्थांत तो आधार क्रियापद देतें.

आतां घरचा आज्ञार्थ पाहूं. बुलढाणा जिल्ह्यांत वऱ्हाडी बोलणाऱ्यांच्या तोंडीं ‘मले सांगजो’, ‘देजो’, ‘लवकर येजो’ अशीं रूपें आहेत. ‘सांग’ म्हणजे आतांच. ‘सांगजो’ म्हणजे सवडीनें, पण विसरूं नको. ऐकणाऱ्यास थोडा अवकाश देणारी ही आज्ञा आहे. पुस्तकी मराठींत तिच्यासाठीं एकेरी रूप सहज सांपडत नाहीं, ‘सांगशील ना?’ असा प्रश्न करावा लागतो. गुजराती मनुष्य निरोप देतांना ‘आवजो’ म्हणतो, तेंही ह्याच जातीचें रूप. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या १९०५ सालच्या मराठीविषयक खंडांत वऱ्हाडीस स्वतंत्र स्थान दिलें आहे. तीस केवळ बिघडलेली मराठी समजणें योग्य नव्हे.

परंतु अनुभव काय आहे? शाळेच्या वहींत ‘येजो’वर तांबडी रेघ बसते. चार पाहुण्यांदेखत नातवंडें आजीच्या ‘मले’ला हंसतात, आणि हळूहळू आजी त्यांच्याशीं बोलतांना तोलून मापून बोलूं लागते. ‘दीमेलो’चे नियम घोकणाऱ्या मुलास ‘सांगजो’ला नियम आहे ह्याची कल्पनाही नसते. प्रमाण भाषा लेखनास व सभेस हवीच; तिच्याविषयीं आमचा वाद नाहीं. मात्र तिच्यासाठीं घरांतील वडील माणसांची जीभ आंखडावी, हा व्यवहार तोट्याचा आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मुलें स्पॅनिश आज्ञार्थाचा तक्ता करतील, तेव्हां शेजारीं दोन रकाने आणखी आंखून घ्यावे. एकांत पुस्तकी मराठी, दुसऱ्यांत वऱ्हाडी. तिसरा रकाना भरण्यास गुरु घरांतच आहे. मुलांनीं आजीजवळ बसून ‘दे’ आणि ‘देजो’ यांत ती कोठें कोणतें रूप वापरते, कोणाशीं वापरते, आणि रागावली असतां ‘देजो’ म्हणते कीं नाहीं, हें विचारून लिहून घ्यावें. हें काम पुढें ढकलण्याजोगें नाहीं.