परातीतले पाणी आणि मोरीतला खेळ

एक ते तीन या वयातील मूल जगाची ओळख शब्दांच्या आधी हाताने, तोंडाने, कानाने आणि सगळ्या अंगाने करून घेत असते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी जन्मापासून साधारण दोन वर्षांपर्यंतच्या टप्प्याला ‘संवेदन-कारक अवस्था’ म्हटले, म्हणजे ज्ञानेंद्रियांना येणारे अनुभव आणि स्नायूंच्या हालचाली यांची सांगड घालता घालता ज्या काळात विचार घडत जातो ती अवस्था. सव्वा वर्षाचे मूल चमचा पुन्हापुन्हा खाली टाकते, कधी उंचावरून, कधी हळूच, कधी फरशीवर तर कधी सतरंजीवर, आणि प्रत्येक वेळी कान देऊन पाहते. मोठ्यांना हा खोडकरपणा वाटला तरी पियाजे यांच्या मते ते क्रियेत थोडा थोडा बदल करून परिणाम तपासणे असते. अशा तपासण्याला साधन, जागा आणि मोकळीक देणारा जो खेळ, त्याला बालशिक्षणात संवेदनखेळ म्हणतात.

संवेदन म्हटले की डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही पाच नावे पुढे येतात. मात्र लहान मुलाच्या बाबतीत आणखी दोन जाणिवा तितक्याच महत्त्वाच्या असतात. पहिली समतोलाची, जिचे इंद्रिय आतल्या कानात असते आणि जी शरीर कलले, फिरले किंवा झुलले हे कळवते. दुसरी शरीरस्थितीची, जी स्नायू आणि सांधे यांच्याकडून हात-पाय कुठे आहेत व किती जोर लागतो आहे याची खबर देते. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन आयर्स यांनी या सर्व संवेदनांची मेंदूत होणारी जुळणी हा अभ्यासाचा विषय केला आणि 1972 मध्ये त्यावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठी घरांतील पाळणा, दोन खांबांना बांधलेली झोळी, तेल लावून चोळून घातलेली अंघोळ, संक्रांतीनंतर बोरे, चुरमुरे आणि उसाचे करवे डोक्यावरून ओतून केलेले बोरन्हाण या सगळ्यांत याच जाणिवांना खाद्य मिळत आले आहे, मग त्यामागचा हेतू कोणी काहीही सांगो.

आज या खेळांसाठी रंगीत खोक्यांतून तयार संच मिळतात आणि त्यांच्या वेष्टनांवर बुद्धी वाढवण्याची वचने छापलेली असतात. ती वचने आणि किंमत पाहून अनेक आईवडिलांना आपण मुलासाठी काहीच करत नाही असे वाटू लागते. हे वाटणे अन्यायाचे आहे, आणि महाराष्ट्रात तरी त्याचे उत्तर फार पूर्वी देऊन झालेले आहे. मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममधील गरीब वस्तीत बालगृह सुरू केले व इंद्रियशिक्षणासाठी घासूनपुसून नेमकी केलेली लाकडी साधने घडवली. ती साधने खेड्यातल्या बालवाडीला परवडणारी नव्हती. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उभारले तेव्हा त्यांनी माँटेसरींचे तत्त्व ठेवले आणि साधने मात्र परिसरातून मिळणारी, शिंपले, बिया, पाने, माती अशी घेतली; पुढे 1957 मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते आदिवासी पाड्यांपर्यंत पोहोचवले. मुले शाळेकडे येत नसतील तर शाळेनेच मुलांच्या अंगणात जावे, हा त्या कामाचा गाभा होता. हाच गाभा आजच्या दोन खोल्यांच्या घरातही लागू पडतो, कारण तिथे अंगण नसले तरी मोरी असते, ओटा असतो आणि परात असते.

परातीचा उल्लेख मुद्दाम केला आहे. रुंद तळ, काठ उभा, पडली तरी न फुटणारी, आणि मूल समोर बसले की दोन्ही हात सहज आत जातील इतकी मोठी अशी दुसरी वस्तू घरात नसते. मोरीत किंवा गॅलरीत परात ठेवून तिच्यात तळ झाकेल इतकेच कोमट पाणी घ्यावे आणि सोबत एक फुलपात्र, एक वाटी, चहाचे गाळणे व एक कापडाचा तुकडा द्यावा; यापेक्षा अधिक वस्तू दिल्या तर मूल एकीवरून दुसरीवर जात राहते आणि कोणतीच पुरती हाताळत नाही. पहिला काही वेळ ते केवळ थापट्या मारते. नंतर वाटी बुडवते, उचलते, उलटी करते, पाणी गेले कुठे म्हणून वाटीच्या आत पाहते. गाळण्यातून पाणी निसटते आणि वाटीत मात्र राहते हा भेद त्याच्या ध्यानात येतो तेव्हा ते गाळणे आणि वाटी आळीपाळीने बुडवू लागते, आणि दीड-दोन वर्षांचे मूल या एकाच उद्योगात दहा-पंधरा मिनिटे गढून जाताना दिसते, जे त्या वयाच्या मानाने बराच वेळ आहे. फुलपात्रातून वाटीत पाणी ओतताना मनगट किती वळवायचे, कुठे थांबायचे, हे डोळा आणि हात मिळून शिकतात. उंच पेल्यातले आणि पसरट वाटीतले पाणी सारखेच असू शकते ही समज साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास येते, त्यामुळे या खेळातून गणिताचा धडा काढू पाहण्याची घाई कोणी करू नये. जिथे टँकरची वाट पाहावी लागते तिथे पाण्याऐवजी चाळून घेतलेली वाळू किंवा कणकेचा कोंडा परातीत घ्यावा. आणि भाजी धुतलेले पाणी खेळाला वापरून नंतर कुंडीत ओतता येत असेल तर तेही उत्तमच.

धान्य आणि पीठ यांच्याबाबत घरातील ज्येष्ठांचा आक्षेप अनेकदा ऐकू येतो, आणि तो धुडकावून लावण्यासारखा नाही. अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या घरात डाळीचे ढीग जमिनीवर उधळले जाऊ नयेत असे आजीला वाटत असेल तर तिचे म्हणणे रास्त आहे. त्यावर मार्ग असा की मुलाला अन्नाशी खेळवण्याऐवजी अन्नाच्या कामात घ्यावे. मेथी निवडताना एक जुडी त्याच्यापुढे ठेवावी. ते पाने खुडते, देठ मोडते, कधी तोंडात घालून कडू तोंड करते. मटाराच्या शेंगा फोडताना होणारा आवाज मुलाला आवडतो, फक्त दाणे मात्र लगोलग मोठ्यांनी उचलून घ्यावेत. पोळ्यांच्या वेळी लिंबाएवढा कणकेचा गोळा हातात दिला की दाबणे, चिमटे काढणे, लांबवणे, बोटाने भोक पाडणे हे सगळे आपोआप सुरू होते. तळहाताला तेल लावले तर कणीक चिकटत नाही, न लावले तर चिकटते, आणि दोन्ही अनुभव मुलाला हवेच असतात. कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात, म्हणून ते खाऊ देऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. पीठ टिकावे म्हणून त्यात भरपूर मीठ घालण्याची जी कृती सांगितली जाते ती या वयात टाळावी, कारण तोंडात सर्व काही घालणाऱ्या मुलाच्या पोटात ते मीठ जाणे घातक ठरू शकते.

स्पर्शाच्या खेळासाठी गोधडीइतके समृद्ध साधन क्वचितच सापडेल. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा, शेजारी खादीचा जाडसर, मध्येच काठाची जर, आणि सगळ्यांवरून गेलेले धावदोऱ्याचे टाके, ज्यांच्यावरून बोट फिरवले की बारीक बारीक उंचवटे लागत जातात. मूल पालथे पडून एका चौकोनावरून दुसऱ्यावर हात नेत असते तेव्हा जवळच्या मोठ्या माणसाने त्याच्या बोटाखाली जे आहे त्याला नाव द्यावे. खरखरीत, गुळगुळीत, बुळबुळीत, रवाळ, टणक, दमट असे शब्द हाताला वस्तू लागत असतानाच कानावर पडले तर ते टिकतात. वास आणि आवाज यांसाठी वेगळी तयारी लागत नाही: लिंबाची साल, चुरगळलेला पुदिना, ठेचलेले आले, कुकरची शिट्टी, डब्यावर डाव आपटणे हे सारे हाताशीच असते.

समतोल आणि जोर यांची गरज मात्र सदनिकांतून फार दुर्लक्षित राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक आणि दोन वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटे शारीरिक हालचाल व्हावी, एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन वर्षांच्या मुलासाठी हा वेळ तासाभराहून अधिक नसावा. उशांचा ढीग रचून त्यावरून रांगणे, चादरीवर बसवून ओढत नेणे, रिकामी बादली एका खोलीतून दुसरीत ढकलत नेणे, बटाटे पिशवीतून टोपलीत एकेक करून भरणे, यांतून ही हालचाल घडते आणि खर्च शून्य येतो. अनवाणी पायांनी शेणाने सारवलेल्या जमिनीवर, ओल्या गवतावर, पायरीच्या खडबडीत दगडावर चालण्याची संधी गावाकडे गेल्यावर मिळत असेल तर ती चपला घालून दवडू नये.

आता सावधगिरीचे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत सुमारे 32 मिलिमीटर व्यासाची एक नळी वापरतात. तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकू शकते असे धरले जाते. या मापाने हरभरे, शेंगदाणे, वाटाणे, चिंचोके, मणी, बटणे सारीच बाद होतात, आणि भिजू शकणारे कडधान्य नाकात गेले तर तिथल्या ओलाव्याने फुगून अधिकच घट्ट बसते. पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे मणी घरात आणूच नयेत, कारण गिळलेला मणी आतड्यात फुगून अडथळा करतो. नाण्यासारखे चपटे सेल असलेली वाजणारी खेळणीही तितकीच धोक्याची, कारण असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच गंभीर जखम होऊ शकते. रांगोळीची भुकटी दगडाची असते आणि श्वासातून आत जाते, म्हणून या वयात तिच्याऐवजी ओला रवा बरा. पाण्याच्या खेळात मूल एक क्षणही एकटे राहू नये. इंच-दोन इंच पाण्यातही लहान मूल बुडू शकते, आणि दारावरची घंटा वाजली तर आधी मुलाला उचलावे, मग दार उघडावे. बोरन्हाणातही करवे, बोरे आणि हलव्याचे दाणे वेचून घेण्यासाठी एखाद्याने खालीच बसून राहावे.

काही मुले चिकट वा ओल्या गोष्टीला हात लावताच मागे सरतात. त्यांचा हात धरून परातीत बुडवणे हा उपाय नव्हे. त्यांना चमचा द्यावा, कोरड्यापासून सुरुवात करावी, दुसऱ्या कोणाला खेळताना पाहू द्यावे, आणि पुढचे पाऊल केव्हा टाकायचे ते त्यांच्यावर सोपवावे. अंघोळ, कपडे, जेवण, आवाज अशा रोजच्या प्रत्येक गोष्टीतच मूल तीव्र अस्वस्थ होत असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना, आणि त्यांच्या सल्ल्याने ऑक्युपेशनल थेरपिस्टला, दाखवणे लांबवू नये. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2024 मध्ये ‘नवचेतना’ हा जन्म ते तीन वर्षे या वयोगटासाठीचा आराखडा जाहीर केला आहे आणि त्यात घरी करण्यासारख्या कृतींवर भर आहे; जवळच्या अंगणवाडीत जाऊन त्याची चौकशी करण्यात कोणत्याही पालकाने संकोच बाळगू नये.

पसारा होतो ही तक्रार खरी आहे, विशेषतः जिथे एकाच बाईच्या माथी स्वयंपाक, नोकरी आणि मूल असे तिन्ही असते, आणि म्हणून हे खेळ रोज व्हावेत असा आग्रह धरणे योग्य नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, वडील किंवा आजोबा घरी असतील त्या वेळी, आणि आवरण्याचे काम त्यांच्याकडे, अशी वाटणी केली तर ते निभते. खेळ संपल्यावर मुलालाही फडके द्यावे. सांडलेले पाणी टिपणे आणि फडके परातीवर धरून पिळणे यात तळहात, मनगट आणि बोटे यांना जो जोर लावावा लागतो तोच पुढे सदऱ्याची बटणे लावताना आणि डब्याचे झाकण उघडताना कामी येतो, तेव्हा त्या पिळण्यासाठी पाच मिनिटे जास्त लागली तरी फडके त्याच्या हातातून काढून घेऊ नये.