औषध मारा!

मराठी भाषा शब्दांच्या बाबतीत मोठी चोखंदळ. नवऱ्याच्या बहिणीला एक शब्द, बायकोच्या बहिणीला दुसरा, भावाच्या बायकोला तिसरा. नात्यागोत्यात कुणाची म्हणून गल्लत होऊ द्यायची नाही. पण हीच चोखंदळ भाषा खोकल्याच्या बाटलीलाही औषध म्हणते आणि ढेकणांच्या बाटलीलाही औषधच म्हणते! फरक काय तो क्रियापदाचा. माणसाला औषध 'देतात', किड्याला 'मारतात'. एवढ्या एका क्रियापदाच्या भरवशावर आपण दोन्ही बाटल्या घरात ठेवतो आणि निवांत झोपतो. माझं भांडण आहे ते या शब्दाशी. भांडण जुनं आहे. आज ते चारचौघांत आणतो आहे इतकंच.

भांडणाचं मूळ माझ्या गॅलरीतल्या बारा कुंड्यांत आहे. बारा कुंड्यांच्या बळावर माणूस शेतीतज्ज्ञ होत नाही, हे मला मान्य आहे. आमच्या सोसायटीला ते मान्य नाही. त्यामुळे जिन्यात, वाण्याच्या दुकानात, बसच्या रांगेत आणि एकदा तर बारशाच्या पंगतीत लोकांनी मला किडींविषयी विचारलेलं आहे. प्रश्न वरवर निरनिराळे असतात. कुणाचा कढीपत्ता कुरतडलेला असतो, कुणाच्या जास्वंदीला पांढरं काहीतरी लागलेलं असतं, कुणाच्या गुलाबाची पानं कातरलेली असतात. पण शेपूट सगळ्यांचं एकच : "कुठलं औषध मारू हो?"

मी विचारतो, "कुणाला?"

"म्हणजे?"

"म्हणजे आहे कोण तो?"

इथे समोरचा माणूस माझ्याकडे असा बघतो, की जणू मी किड्याची जन्मपत्रिकाच मागितली आहे. अहो, पोलीससुद्धा माणसाला पकडल्यावर आधी नाव-गाव विचारतात, लाठी नंतर. किड्याला तेवढाही मान नाही. पान कुरतडलं गेलं ना? मग झाडावर जो कोणी दिसेल तो गुन्हेगार, आणि शिक्षा एकच. बरं, या खाक्यामुळे गुन्हेगार तरी सापडतो का? तेच तर सांगतो.

आमच्या शेजारच्या वहिनींचा कढीपत्ता घ्या. "पानांवर चिमण्या घाण करतात," अशी त्यांची पहिली तक्रार होती. दोन दिवसांनी ती घाण चालू लागली, तेव्हा प्रकरण माझ्याकडे आलं. लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या झाडावर वाढणाऱ्या काही फुलपाखरांच्या अळ्या लहानपणी हुबेहूब पाखराच्या शिटेसारख्या दिसतात. पाखरू स्वतःचीच शीट खात नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. मोठी झाली की तीच अळी हिरवीगार होते. बोट लावलं तर मानेमागून लालसर दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. म्हणजे वहिनींनी काडीनं टोचलं, म्हणून तिनं शिंग काढलं, म्हणून वहिनी किंचाळल्या, म्हणून औषध.

आता गंमत पाहा. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली 'नीलवंत' हे राज्याचं फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. असं राज्यफुलपाखरू ठरवणारं आपलं राज्य देशात पहिलं. तळहाताएवढं मोठं, काळं, त्यावर निळी झाक, अगदी पैठणीच्या पदरावर शोभावं असं. या नीलवंताच्या अळ्या वाढतात त्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर. म्हणजे पोस्टरवर बापाचा सत्कार आणि कुंडीत पोराला विष, असा आपला कारभार! फुलपाखरू सगळ्यांना हवं असतं. लहान मुलांच्या फ्रॉकवर, पडद्यांवर, लग्नपत्रिकेवर. अळी मात्र नको. जावई डॉक्टर हवा, पण लहानपणी तो रडलेला चालणार नाही, त्यातलीच ही तऱ्हा.

शिवाय हिशेबच करायचा तर पुरता करू. दहा-पंधरा अळ्या कढीपत्त्याची निम्मी पानं खातील. झाड मोठं असेल तर ते महिन्याभरात पुन्हा फुटतं. अगदी रोपटंच असेल तर चिमट्यानं अळ्या उचलाव्यात आणि कुंपणापाशी उगवलेल्या एखाद्या लिंबाच्या झाडावर नेऊन ठेवाव्यात. काम पाच मिनिटांचं. याउलट आज सकाळी मारलेलं 'औषध' संध्याकाळी कुठे असतं? त्याच पानांवर. आणि ती पानं कुठे असतात? आमटीत! फवारणीनंतर किती दिवस थांबायचं ते बाटलीबरोबरच्या कागदावर मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं. ते वाचायला भिंग लागतं, आणि फोडणी कुणासाठी थांबत नाही.

गुलाबाचा प्रश्न याहून सरस. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त हेडक्लार्क मला एक पान घेऊन भेटले. पानाच्या कडेला कंपासनं आखावेत तसे अर्धगोल कापलेले. "रात्री बॅटरी घेऊन बसलो, पण हरामखोर सापडत नाही," असं ते म्हणाले. सापडणार कसा? गुन्हेगार दिवसा कामावर येतो. मधमाशीच्या नात्यातली एक एकांडी माशी आहे. ती पान खातच नाही. शिंप्यासारखा बेतून तुकडा कापते, पायांत धरून उडते आणि पोकळ काडीत किंवा भिंतीच्या भोकात त्याची दुलई करून आत अंडं घालते. अंड्याशेजारी बाळासाठी परागाचा डबाही भरून ठेवते. म्हणजे हे सगळं बाळंतपणाचं सामान! पुन्हा जाता-येता तुमच्या वांग्या-भोपळ्याच्या फुलांची कामं तीच उरकून देते. गुलाबाचं त्यात काही जात नाही. दोन पानांना झालर लागते एवढंच. पण हेडक्लार्कसाहेबांना तिच्यासाठीही औषध हवं होतं. जी माशी पान खातच नाही, तिला पानावर मारलेलं विष काय करणार? पान खाणारं दुसरंच कोणीतरी मरेल. पण फाइल बंद झाल्याचं समाधान काही औरच असतं.

आणि आता जास्वंद. पांढरा कापूस लागल्यासारखी दिसते ती कीड म्हणजे पिठ्या ढेकूण. त्याच्याच बरोबरीनं कोवळ्या शेंड्यांवर दाटीवाटीनं बसतो तो मावा. दोघंही झाडाचा रस पितात आणि गोड थेंब टाकतात. त्या थेंबांसाठी मुंग्या येतात. मुंग्या येतात, ओरबाडत काहीच नाहीत, पण बिचाऱ्या दिसतात. म्हणून लोक मुंग्यांनाच औषध मारतात. वास्तविक त्या तिथे गवळ्याचं काम करत असतात. ही त्यांची गुरं. गुरांवर कुणी वाघ आला तर त्या हाकलतात. वाघ म्हणजे तो लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा आणि त्याची पिल्लं. ढालकिडा दिसायला गोजिरवाणा, त्यामुळे तो वाचतो. त्याची अळी मात्र काळपट, काटेरी, नखाएवढ्या सुसरीसारखी दिसते आणि शेकड्यांनी मावा फस्त करते. लोक सगळ्यांत आधी तिला चिरडतात! अंगणात चोर शिरले असताना हवालदाराचा चेहरा आवडला नाही म्हणून हवालदारालाच हाकलण्यातला हा प्रकार.

फवारा मारल्यावर पुढे काय होतं तेही ऐका. मावा मरतो, ढालकिडा मरतो. पण चार मावे पानाच्या खालच्या बाजूला वाचतात. माव्याच्या माद्यांना नवरा लागत नाही. त्या अंडीही न घालता सरळ पिल्लं देतात. त्यातही कडी म्हणजे आईच्या पोटात लेक आणि त्या लेकीच्या पोटात नातीची तयारी आधीच सुरू झालेली असते! आठ-दहा दिवसांत बाई आजी. ढालकिड्याला मात्र रीतसर जोडीदार शोधावा लागतो, अंडी घालावी लागतात. त्याचा संसार उभा राहायला आठवडेच्या आठवडे जातात. म्हणजे औषध मारून तुम्ही काय केलंत, तर पोलीस चौकी पाडलीत आणि चोरांना चार बिऱ्हाडं रिकामी करून दिलीत. मग पंधरा दिवसांनी पुन्हा मला जिन्यात गाठता आणि म्हणता, "तुमच्या त्या औषधाचा काही उपयोग झाला नाही." माझ्या? मी पाण्याचा जोरदार फवारा सांगितला होता, साबणाचं पातळ पाणी सांगितलं होतं. पण त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

ही खिडकीतली फिलॉसॉफी शेतात चालत नाही, असं कोणी म्हणेल. पपईचं उदाहरण घ्या. २००८ साली कोइमतूरकडे पपईवर एक परदेशी पिठ्या ढेकूण अवतरला आणि पुढे पुण्यापर्यंत पोचला. बागाच्या बागा पांढऱ्या पडल्या. फवारून फवारून शेतकरी थकले, कारण याच्या अंगावर मेणाचा रेनकोट. शेवटी २०१० साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी पोर्तो रिकोहून टाचणीच्या टोकाएवढी एक गांधीलमाशीच्या कुळातली माशी आणून सोडली. ती ढेकणाच्या पोटातच अंडं घालते. काही महिन्यांत बागा हिरव्या झाल्या. जे पंपाला जमलं नाही ते माशीला जमलं. कारण आणणाऱ्यांनी आधी विचारलं होतं, "हा आहे कोण, कुठला, आणि त्याच्या गावी याला कोण खातं?"

म्हणजे मी सगळ्या किड्यांना नांदा सौख्यभरे म्हणतो आहे, असं कृपा करून समजू नका. कुंडीखालच्या बशीत डासांनी पाळणाघर काढलं, तर मी बशी उपडी करतो. कपाटाला वाळवी लागली, तर मीही विषाचीच बाटली आणीन. शेतकऱ्याचं तर सगळं वर्षच त्या पिकावर टांगलेलं. त्याला गॅलरीत बसून उपदेश करायचा माझा अधिकार नाही. माझं म्हणणं एवढंच, की आधी हात, मग पाणी, मग साबण आणि कडुनिंब, मग सापळा, आणि अगदीच इलाज चालेना तेव्हा विष. आणि त्या विषाला विष म्हणा.

हा शब्दच्छल नाही. १९५८ साली केरळात जहाजावर पॅराथिऑन या कीटकनाशकाच्या शेजारी गव्हाचं पीठ ठेवलं गेलं. ते पोटात जाऊन शंभरावर माणसं दगावली. त्यानंतर चौकशी होऊन १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. लाल त्रिकोणाच्या बाटलीवर कवटी आणि हाडं काढून चक्क 'विष' लिहिलेलं असतं. म्हणजे कायद्याला विष म्हणायला लाज वाटत नाही, दुकानदाराला आणि आपल्याला वाटते. १९८४ सालच्या डिसेंबरात भोपाळमध्ये हजारो माणसं ज्या वायूनं मारली, तो वायूही किडे मारायचं 'औषध' बनवण्यासाठीच साठवलेला होता. आणि फार लांब कशाला, २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले. फवारा अंगावर उडत होता, श्वासात जात होता. ज्या वस्तूला बाप, काका, दुकानदार सगळे औषध म्हणतात, ती वस्तू अंगावर उडाली तर माणूस किती घाबरेल? औषधाला कुणी तोंड बांधतं का?

आमच्या सोसायटीतही दर तीन महिन्यांनी पाठीवर पंप घेऊन एक पोरगा येतो. विशीचा असेल. हातमोजे नाहीत, पायांत स्लिपर, तोंडाला खिशातला रुमाल. तो बागेत शिरतो तेव्हा आपण सगळे "औषध मारतायत गं, खिडक्या लावा!" असं ओरडून खिडक्या लावतो. पोरांना घरात बोलावतो, तुळस आत घेतो, वाळत घातलेले कपडेसुद्धा काढतो. बाहेर राहतो तो एकटा पोरगा. म्हणजे ते विष आहे हे तुळशीपासून लंगोटापर्यंत सगळ्यांच्या बाबतीत आपल्याला पक्कं ठाऊक असतं. फक्त त्याच्या बाबतीत ते औषध असतं.

मी कमिटीकडे लेखी दिलं. एक : कीड कुठली ते ठरल्याशिवाय फवारणी नको. दोन : फवारणाऱ्याला हातमोजे, बूट आणि तोंडाला नीट मुखवटा सोसायटीनं द्यावा. तीन : पावतीवर 'औषध फवारणी'ऐवजी 'विष फवारणी' असं लिहावं. सेक्रेटरी म्हणाले, पहिलं शक्य नाही, दुसऱ्याला बजेट नाही, आणि तिसऱ्यामुळे सभासद घाबरतील.

घाबरावेत, हीच तर माझी इच्छा आहे! तूर्त अर्ज वार्षिक सभेत 'अध्यक्षांच्या परवानगीनं आयत्या वेळी येणारे विषय' या सदरात पडलेला आहे. सभेला किती लोक येतात ते पाहू. तोपर्यंत हातमोज्यांची एक जोडी मी वॉचमनपाशी आणून ठेवली आहे. पोरगा आला की द्यायची. आणि यापुढे जिन्यात मला कुणी "कुठलं औषध मारू?" असं विचारलं, तर मी खिशातलं भिंग पुढे करणार आहे.